टोकाचे तुकडे

पालेगाव, अंबरनाथ पूर्व
९ जून १९९१

सौ. वृंदा मॅडम यांस,
तुळशी हरिचंद्र गायकर हिचा नमस्कार. अंबरनाथच्या मटण कंपनीत मशीन धुणारी तुळशी. ओळखलं असेलच, मी काही विसरण्यासारखी बाई नाही. शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा अक्षर बघून हसू नका. तुम्ही लॅब सोडून लग्न करून नागपूरला गेलात त्याला दीड वर्ष झालं. पत्ता ऑफिसच्या नीलिमाबाईंकडून घेतला. खुशाली विचारायला लिहीत नाही, काम आहे.

तुमच्या जागी लॅबला कोणी आलंच नाही. मॅनेजर श्यामकांत साहेबच आता ती कापसाची काडी मशीनवर फिरवून बाटलीत घालतात. फिरवतात कुठे, तर वरच्या पत्र्यावर. ते पण मी क्लोरीनचं पाणी ओतल्यावर पाच मिनिटांनी. मग रिपोर्ट चांगलाच येणार. आत्ता अंघोळ करून आलेल्या माणसाचा वास घ्यायचा आणि म्हणायचं, ह्याला घाम येत नाही.

सलामी कापायचं मशीन तुम्हाला माहीत आहे. पात्याच्या खाली झाकण, झाकणाला रबर. मागच्या आठवड्यात रबराच्या कडेला बोट गेलं तर बुळबुळीत लागलं. पाण्याच्या रांजणाला आतून बसतं ना, तसं. दिसत काही नाही, वास नाही. क्लोरीन ओतलं, परत बोट लावलं, परत तेच. नखाने खरवडलं तर नखात साय आली. दुसऱ्या दिवशी होतीच. साहेबांना सांगितलं तर म्हणतात, क्लोरीन डबल कर. डबल केलं. माझ्या हाताची सालं निघाली, ते जागचं हललं नाही. फिटर मधुला म्हटलं, झाकण उघड. तो म्हणतो, "मावशी, बावीस स्क्रू हायत. खंडेनवमीला पूजेला उघडतो ना, तेव्हा घास काय घासायचं ते." म्हणजे वर्षातनं एकदा. देवाला दाखवायला घासायचं, माणसाच्या पोटासाठी नाही.

तर ते काय आहे ते लिहा. सोपं लिहा.

आणि एक सांगायचं आहे. माझी सून काशी, जयदेवची बायको, तिला आठ वर्षांनी दिवस गेलेत. तिसरा लागला. आठ वर्षं भावकीने तिला जे ऐकवलं ते कुत्र्याला ऐकवलं असतं तर गाव सोडून गेलं असतं. आता सगळ्यांची तोंडं बंद आहेत. भाताच्या वासाने ओकते. एकच मागते, आपल्या कंपनीच्या सलामीची टोकं. शनिवारी टोकाचे तुकडे बायांना वाटतात, ते. ह्यांनी मागल्या वर्षी थोडी जमीन बिल्डरला दिली, त्यातनं फ्रीज आला, आमच्या आळीतला पहिला. त्यातनं काढून गार गार खाते आणि हसते. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचे कान फुटतात म्हणतात. मी तर पुरवणार.

उत्तर लवकर द्या. मला वाट बघायची सवय नाही.
तुळशी


नागपूर
२ जुलै १९९१

प्रिय तुळशीमावशी,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून लॅबची खिडकी डोळ्यांसमोर आली. तुम्ही रांजणाचं लिहिलंत ते अगदी बरोबर आहे, तेच आहे ते. जंतू ओल्या जागी एकेकटे राहत नाहीत. चिकटून वस्ती करतात आणि स्वतःवर एक चिकट पांघरूण घेतात. तुमचं क्लोरीन त्या पांघरुणावरून वाहून जातं, आत पोचतच नाही. म्हणून डबल केलं तरी उपयोग नाही. आधी गरम पाणी आणि साबण घेऊन घासायचं, पांघरूण फाडायचं, मगच क्लोरीन. आणि झाकण रोज उघडायला हवं. वर्षातून एकदा हे काही खरं नाही.

मी तिथे होते तोवर मला काही वावगं आढळलं नव्हतं. बहुतेक जंतू निरुपद्रवीच असतात. काशीला तुकडे देताना तेवढे चांगले गरम करून देत जा. बाकी काळजीचं कारण नाही. तिला माझ्याकडून आशीर्वाद सांगा.

माझ्याकडेही एक बातमी आहे, ती पुढे कधीतरी. हे दिवसभर बँकेत असतात, मी घरी. प्रकृतीला जपा, हातात मोजे घालत जा.
आपली,
वृंदा


पालेगाव
१ सप्टेंबर १९९१

वृंदा मॅडम यांस,
तुळशीचा नमस्कार. तुमची बातमी कसली ते कळलं. बायकांना बायकांचं सांगावं लागत नाही. जपून राहा.

जंतूंचं पांघरूण. म्हणजे इतकी वर्षं आम्ही पांघरुणावर पाणी मारत होतो. मी काथ्या घेतला, केसातली पिन वाकवली आणि रबराच्या फटीतनं ओढलं. चमचाभर निघालं. कागदावर घेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ते जेवत होते.
"हे काय आणलंस?"
"तुमचा रिपोर्ट."
"तुळशी, तू बीएस्सी कधी झालीस?"
"तुम्ही झालात साहेब. म्हणून तर तुम्हाला दाखवायला आणलं."
डब्याचं झाकण लावलं त्यांनी. म्हणाले, हॉटेलांचा माल थांबवून मी रोज बावीस स्क्रू उघडत बसू का? शेठला तूच सांग. आणि परत असलं काही टेबलावर आणलंस तर गेटपास मिळणार नाही.

म्हणून तुम्हाला लिहिते. तुमच्या सहीचा एक कागद साहेबांना पाठवा, इंग्लिशमध्ये. माझं बोट खोटं, तुमचा कागद तरी खरा मानतील.

काशीला सहावा लागेल. पोट चांगलं दिसतं. तुम्ही गरम करून द्या लिहिलंत, कशाला ते लिहिलं नाहीत. ते शिजलेलंच असतं, कंपनीत उकळूनच कापायला येतं. आणि आता गरम करणार कसं? श्रावण चालू आहे. आमच्याकडे श्रावणात मटणमासळीचं नाव काढत नाहीत, तवासुद्धा वेगळा. पण काशी मागते. सकाळी पुरुष माणसं बाहेर पडली की मी फ्रीजमधल्या पालेभाजीच्या पिशवीखालनं काढून देते. तव्यावर टाकलं तर वास आळीभर जाईल. तेव्हा गारच खाते, मोरीच्या दाराआड बसून. तिने माझ्या गळ्याची शपथ घेतली, मी तिच्या. मेलं तरी बोलायचं नाही. आधी शनिवारचे तुकडे सगळे मिळून सोमवारपर्यंत संपवायचो. आता ती एकटी, तर दहा-बारा दिवस पुरतात. फ्रीज आहे, नासत नाही.

हे तुम्हालाच लिहिते, कारण तुम्ही नागपुरात, आमच्या आळीत नाही. वाचून फाडा. आणि साहेबांच्या कागदाचं विसरू नका.
तुळशी


पालेगाव
२७ ऑक्टोबर १९९१

वृंदा मॅडम यांस,
माझ्या पत्राला उत्तर नाही. साहेबांनाही कागद नाही. पोस्टात हरवलं म्हणावं तर तुमचं पहिलं पत्र बरोबर पोचलं होतं.

घट बसायच्या आधी काशीला ताप आला. अंग दुखलं, पाठ दुखली, सर्दीसारखं. मी म्हटलं, हवा बदलली. तिची आई बनूबाई मांजर्लीहून आली, तिनेही तेच म्हटलं, काढा दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी काशी मला म्हणाली, "आई, हलत नाय." मी म्हटलं, झोपला असेल. मॅडम, मी तसं म्हटलं. दुपारपर्यंत.

मग टेंपोत घालून उल्हासनगरला कॅम्प चारला नेलं. डॉक्टरीण सिंधी, चांगली बाई. पोटाला नळी लावली, इकडे लावली, तिकडे लावली, मग नळी गळ्यात टाकली आणि काशीचा हात धरून बसली. मुलगा होता. सातवा लागलेला, नखंसुद्धा होती. अंगावर पांढरे बारीक फोड, मोहरीएवढे. डॉक्टरणीने मला बाजूला घेतलं. "क्या खिलाया था, बाहर का कुछ?" मी म्हटलं, "घर का ही." तिने परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. आळीतल्या दोघी बाजूला उभ्या होत्या.

काशी घरी आली. दूध आलं छातीत, ते आटवायला बांधून ठेवलंय. भिंतीकडे तोंड करून असते. मी ताट नेते, मी ताट आणते.

खंडेनवमीला कामावर गेले. मधुने बावीस स्क्रू काढले, झाकण उघडलं. आतून सगळं पिवळट, दह्याच्या मडक्याला तळाशी धरतं तसं, जाड. मधुने ओल्या फडक्याने वरवर पुसलं. मी म्हटलं थांब, मला घासू दे. साहेब म्हणाले मुहूर्त जातो. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडून पाणी शिंपडलं, झाकण बंद. मी काथ्या हातात घेऊन उभी. पेढा दिला मला साहेबांनी.

तेव्हा डोक्यात पहिल्यांदा आलं. आधी का नाही आलं ते विचारू नका.

इथे काय चाललंय ते ऐका. ह्यांचे थोरले चुलते धोंडिबा, भावकीत त्यांचा शब्द. ते म्हणतात बाईचं पोटच वाईट, आठ वर्षं धरलं नाही आणि धरलं ते टाकलं. जयदेवला दुसरी बघा. ह्यांनी मान हलवली. जयदेव पायाच्या अंगठ्याकडे बघतो, माझ्या पोटचा असून. तुळशीची लग्नं लागली की पहिल्या रविवारी बैठक आहे.

म्हणून विचारते. झाकणाखालचं ते काशीच्या पोटात गेलं का? एका शब्दात लिहा, हो की नाही. हो आलं तर काशी सुटते. मी अडकते, ते मला कळतं. अडकू दे, माझं काय राहिलंय. पण मला तुमचा कागद पाहिजे, बैठकीत वाचायला.

ह्या पत्राला उत्तर द्या.
तुळशी


नागपूर
९ नोव्हेंबर १९९१

तुळशीमावशी,
हो.

बाळाची तपासणी झालेली नाही, त्यामुळे कागदोपत्री खात्री आता कुणीच देऊ शकणार नाही. पण ताप, सातवा महिना, अंगावरचे ते फोड, आणि तुम्ही लिहिलेलं झाकण. हो.

त्याचं नाव लिस्टेरिया. बाकीचे जंतू फ्रीजमध्ये झोपतात, हा तिथे हळूहळू वाढत राहतो. सलामी उकळताना तो मरतो, पण नंतर कापताना मशीनवरून परत लागतो. एक-दोन दिवसांत खाल्लं तर थोडा असतो, दहा-बारा दिवस ठेवलं तर खूप. धडधाकट माणसाला फारसं काही करत नाही. गरोदर बाईला नुसता ताप येतो आणि तो बाळापर्यंत जातो. कित्येकदा खाल्ल्यावर महिनाभराने. चांगलं गरम केलं तर मरतो. म्हणून मी गरम करा लिहिलं होतं. का ते लिहिलं असतं तर मला कसं माहीत हेही लिहावं लागलं असतं.

मला माहीत होतं. मी नोकरी सोडायच्या आधीच्या महिन्यात एका मासिकात त्याच्याबद्दल वाचलं आणि हौसेने स्वतःच तपासणी केली. काडी त्याच रबरातून घेतली होती. काचेच्या बशीत काळे ठिपके उगवले. श्यामकांत साहेबांना दाखवले. ते म्हणाले, "ही तपासणी आपल्या यादीत नाही. यादीत नाही ते शोधायचं नाही." मी बश्या उकळल्या, धुतल्या, पालथ्या घातल्या. माझ्या अनुभवाच्या दाखल्यावर त्यांची सही व्हायची होती.

तुमचं सप्टेंबरचं पत्र मिळालं. श्रावणाचं वाचलं आणि तशीच पोस्टात गेले, तारेचा फॉर्म घेतला. 'तुकडे देऊ नका' एवढेच तीन शब्द लिहिले. मग वाटलं, तार घरात कोण वाचेल, तुमची शपथ उघडी पडेल, घरचे का म्हणून विचारतील, मग माझं नाव निघेल. आणि वाटलं, हजारात एखादीला होतं, काशीला कशाला होईल. फॉर्म फाडला. घरी येऊन झोपले.

मला आता सातवा महिना आहे. या सात महिन्यांत मी असलं काहीही तोंडात घातलेलं नाही.

बैठकीत हे पत्र वाचा. माझं नाव घेऊन वाचा. क्षमा मागायला तोंड नाही.
वृंदा


पालेगाव
२ फेब्रुवारी १९९२

वृंदा,
मॅडम लिहीत नाही. 'तुम्ही' पण लिहीत नाही. माझ्या मुलीपेक्षा लहान आहेस.

पत्र बैठकीच्या आधी पोचलं. चार वेळा वाचलं. शेवटची तीन कलमं कैचीने कापून चुलीत घातली, कारण त्यात श्रावण होता. वरचं तेवढं ठेवलं. बैठकीत बायका बोलत नाहीत. मी बोलले. उभी राहून वाचलं, अडखळत, पण सगळं. लिस्टेरिया तीन वेळा वाचलं तेव्हा तोंडातनं निघालं. म्हटलं, पोट वाईट नाही, मशीन वाईट आहे. आणलं मी, दिलं मी. काय बोलायचं ते मला बोला.

धोंडिबांनी ऐकून घेतलं. तंबाखू मळत म्हणाले, "आमी सगल्यांनी खाल्ला. आमाला का नाय झाला?"

वृंदा, मला उत्तर येत होतं. तूच शिकवलेलं. पोटुशी होती म्हणून, हे म्हटलं. तर म्हणाले, पालेगावात दुसरी कोण पोटुशी नव्हती काय, कंपनीतल्या बाया घरी नेतात तुकडे, त्यांच्या सुनांना का नाय? आणि माझं हे तोंड. आयुष्यभर ज्याला त्याला फाडकन उत्तर दिलं, तसंच दिलं. म्हटलं, त्या दोन दिवसांत संपवतात, ही बारा दिवसांचं खायची, एकटी. ते म्हणाले, "एकटी का?"

तेवढ्यात ह्यांनी बोटं मोजली. म्हणाले, "श्रावण होता तवा."

बस. मशीन, झाकण, फ्रीज, तुझा कागद, सगळं जमिनीवर पडून राहिलं. श्रावण तेवढा सगळ्यांनी उचलला. श्रावणात मटण खाल्लं, मोरीच्या दाराआड बसून खाल्लं, मग देव पोर ठेवील कसा. मी ओरडले, दिलं मी. तर म्हणाले, सासूने विष दिलं असतं तर खाल्लं असतं काय? आपण विचार करायला नको? काशी आतल्या दारात उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही. मला गावदेवीला पाच नारळ सांगितले. काशीला मांजर्ली.

ती ट्रंक भरत होती तेव्हा मी गेले. रडत नव्हती. लुगडं घडी करत म्हणाली, "आई, तुमी गप रायल्या असत्या तं पोट वाईट म्हनले असते. वाईट पोटाला औषध असतं, परत दिवस जातात. पापाला काय औषध?" मी म्हटलं, पाप नाही ते, जंतू आहे, कागदात लिहिलंय. ती म्हणाली, "मना माहीत हाय. मी ऐकला सगला. तुमच्या हाताने दिला, मना माहीत हाय." शेवटच्या दिवशी माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. बनूबाईने बाहेरूनच ट्रंक उचलली.

बाकी राहिलेला कागद घेऊन साहेबांकडे गेले. म्हटलं, आता तरी झाकण रोज उघडा. त्यांनी सगळा वाचला. घडी घातली, खिशात ठेवला. म्हटलं, माझा कागद द्या. म्हणाले, "कुठला कागद?"

मी अजून कामावर जाते. घरी बसून काय करू, भिंतीकडे बघू? शनिवारी बाया तुकड्यांना रांग लावतात. मी सांगते, गरम करा ग, पोटुशीला देऊ नका. हसतात. वेणूबाई म्हणते, सून गेल्यापासून तुळशीचं डोकं फिरलं. तिची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलीय. मी तिच्या हातातली पिशवी हिसकावून गटारात टाकली. पुढच्या शनिवारी तिने दोन घेतल्या.

पंचांनी काडीमोड लिहून घेतला. माघ संपायच्या आत जयदेवचं लग्न आहे, मुलगी कल्याणकडची. मला साखरपुड्याचं जेवण करायला सांगितलं, मी केलं. तीनदा मांजर्लीला गेले. पहिल्यांदा बनूबाईने पाणी दिलं. दुसऱ्यांदा दाराशीच उभी राहिली. तिसऱ्यांदा आतून काशीचाच आवाज आला, "सांग त्यांना, घरात नाय."

नीलिमाबाई म्हणाली तुला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहात. बरं झालं. शाप देत नाही, माझे शाप लागत असते तर पहिले मलाच लागले असते. पण बश्या उकळताना तुझे हात थरथरले का, ते मला विचारायचं होतं. नको सांगू. मला आता उत्तर नको.

मला लिहू नकोस. काशीला लिही. तिला वाचता येतं, सातवी झालीय. कागदावर एवढंच लिही की तिने पाप नाही केलं, आणि खाली तुझी डिग्री लिही. माझ्या तोंडचं ती मानत नाही आणि मानू पण नये. तू लिहिशील असं मला वाटत नाही. तरी पत्ता देते.

काशी, बनूबाईचं घर, नदीकडची आळी, मांजर्ली, बदलापूर पश्चिम. पाकिटावर नवऱ्याचं नाव घालू नको. ते आता दुसरीला लागणार आहे.
तुळशी